आंबगुळाची नोंद

खरं सांगते, शिरपतीआण्णांबद्दल चांगलं लिहायची माझी मुळीच इच्छा नव्हती. दोन वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांत खुपत होता. रविवारी सकाळी साताऱ्यात चार भिंतीच्या टेकडीच्या चढावर पंधरा-वीस माणसं जमायची, मी गळ्यात भिंग अडकवून सगळ्यांच्या आधी पोचलेली असायची, आणि तरी सगळ्यांच्या माना रस्त्याकडं. "आण्णा नाही आले अजून?" अरे, मी आले आहे ना! तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई समोर उभी आहे, आणि वाट कुणाची बघायची, तर एस.टी.च्या रिटायर्ड कंडक्टरची.

आमचा हा रानफळांचा गट ऋतुजानं काढला. ऋतुजा दातांची डॉक्टर, पण दवाखाना बंद असला की ओढ्याकाठी हिंडणारी. शहराच्या हद्दीत, पडीक जागांत, किल्ल्याच्या उतारावर अजून कुठली रानफळं तग धरून आहेत ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच आमचं काम. पगार नाही, मानधन नाही. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, फौजेतून परतलेले एक सुभेदार, अशी सगळी हौशी मंडळी. नियम मात्र कडक होते. झाडाचे फोटो, जागा, तारीख, आणि दुसऱ्या कुणीतरी स्वतः झाडापाशी उभं राहून 'हो, हे तेच' म्हणायचं. तेवढं झालं की झाडाला निळा पत्र्याचा बिल्ला लागायचा आणि त्याचं नाव यादीत जायचं. ओढे आणि रस्त्याच्या कडा साफ करणाऱ्यांना ती यादी दिलेली असायची. बिल्ल्याच्या झाडाला हात लावायचा नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. 'हो, हे तेच' म्हणायचं काम बहुतेक माझ्याकडं असे. नोंदीखाली 'तपासणार' म्हणून माझी सही. ती सही करताना मला बरं वाटायचं, उगाच कशाला खोटं बोला.

आण्णा मूळचे कवठे महांकाळकडचे, नोकरी सगळी साताऱ्यात. काटकुळे, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, हातात काठी. चालायला लागायच्या आधी ते माणसं मोजायचे, बोट हवेत नाचवत, ओठ हलवत. "सतरा. एक कमी हाय. कोण ऱ्हायलं?" राहिलेलं माणूस आलं की काठी दगडावर दोनदा आपटायची, टक टक, आणि फेरी निघायची. थांबायचं असलं की एकदाच टक. महिनाभरात सगळा गट त्या टकटकीवर चालायला लागला, सुभेदारसुद्धा. मी मुद्दाम दोन पावलं उशिरा निघायची. कुणाच्या लक्षात यायचं नाही ती गोष्ट वेगळी.

अरुंद पायवाटेवर माणसं तुंबली की आण्णा ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका, म्होरं लय जागा हाय!" जागेचा पत्ता सांगायचे तो एस.टी.च्या तिकिटाच्या टप्प्यांत. "पोवई नाक्यापासनं एक टप्पा, मग डाव्या अंगाला वढा." फोनवर फोटो काढला की त्यात झाडाआधी त्यांचा अंगठा यायचा, म्हणून फोटो ऋतुजा काढायची आणि आण्णा वहीत लिहायचे. साधी शाळकरी वही, पण प्रत्येक दोन पानांत कार्बन पेपर. वरचं पान फाडून ऋतुजाला, खालचं त्यांच्याकडं. "फोनमधलं जातं, मॅडम. कार्बनचं ऱ्हातं," हे मला त्यांनी किमान दहा वेळा सांगितलं असेल.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझी जिरवली. डिसेंबरची सकाळ होती. किल्ल्याच्या अर्ध्या उतारावर एक काटेरी झुडूप बघून मी थांबले आणि वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "झिझिफस रुगोसा. म्हणजे आपलं तोरण." सगळ्यांनी लिहून घेतलं. मागून कुणीतरी घसा खाकरला.

"आवं मॅडम, ह्ये तोरण न्हाई. तोरणाचा भाऊबंद हाय. घटबोर."

"पानावरून ओळखलं मी," मी म्हटलं.

"पान दिसतंय खरं तसंच." आण्णा खाली वाकले, पाचोळ्यातून एक सुकलेलं वाटोळं फळ उचललं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "तोरण जिभंवर पिठावानी इरघळतंय. ह्ये फोडून दावा बरं दातानं. भ्यायचं कारन न्हाई, डॉक्टरीणबाई हाईत संगं."

सगळे हसले. ऋतुजा तर खाली बसून हसली. मी ते फळ दाताखाली धरलंसुद्धा, हट्टानं, आणि लाकूड चावल्यासारखं झाल्यावर गुपचूप रुमालात टाकलं. घटबोरच होतं. सगळ्यांनी मी सांगितलेलं खोडून त्यांचं लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी नुसत्या चहावर राहिले. हेवा, दुसरं काय!

ही सगळी विद्या त्यांना मिळाली ती बसमध्ये. जावळीकडच्या बाया उन्हाळ्यात पहाटे करवंदं, तोरणं, जांभळं काढून टोपल्या घेऊन साताऱ्याच्या बाजाराला यायच्या. बाकीचे कंडक्टर टोपल्यांवरून कटकट करायचे, आण्णा टोपलीला जागा करून द्यायचे. उतरताना बाई पानाच्या द्रोणात मूठभर रानमेवा ठेवायची आणि सांगायची, हे कुठलं, कधी पिकतं, कशाबरोबर खायचं नाही. तीस वर्षं मी शिकवत होते ती तीसच वर्षं हा माणूस शिकत होता. आणि मी वाळवून कागदाला चिकटवलेली पानं मुलांना दाखवत होते, तेव्हा याच्या तळहातावर ओली फळं पडत होती. हिशोबच जुळत नव्हता आमचा.

त्यांची करवंदांची गोष्ट तर गटात सगळ्यांना पाठ होती, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी ती सांगायला लावायचंच. मेढ्याकडून येणारी खच्चून भरलेली गाडी, उतारावर म्हैस आडवी आली, ब्रेक लागला, आणि एका म्हातारीची अख्खी टोपली गाडीभर सांडली. आण्णांनी घंटी मारून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि जाहीर केलं की शेवटचं करवंद टोपलीत पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. "एक साहेब हुते, कोर्टात तारीक हुती त्यांची, लय तणतणले. मी म्हटलं, साहेब, तुमच्याच शीटाखाली पाच हाईत, तेवढी काडा आणि मंग बोला." साहेबानं काढली म्हणे. "आणि म्हातारी काय म्हणाली?" असं कुणीतरी विचारायचं. आण्णा म्हाताऱ्या बाईचा आवाज काढायचे, "पायाखाली गेली ती तुमच्या तिकिटात रं, बाबांनू." सगळे लोटपोट. मी तिसऱ्यांदा ऐकताना हसू दाबत भिंग पुसत बसले होते, कारण हसले असते तर हरले असते.

आता यात भर अशी की हा माणूस माझा फार मान ठेवायचा. तो तुसडा असता, घमेंडखोर असता, तर माझं काम सोपं झालं असतं. पण आण्णा प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव मला विचारायचे, देवनागरीत लिहून घ्यायचे आणि चालता चालता पाढे म्हणावेत तसे म्हणायचे. "आपुन म्हणतो ते घरातलं नाव. मॅडम सांगत्यात ते सरकारी नाव. आपली नोंद सरकारी नावानंच झाली पायजे." एकदा एका शाळेच्या कुंपणाशी कामोणी उगवली होती. मुलं तिची काळी फळं खातात म्हणून पालक घाबरले होते. आण्णा लहानपणापासून ती खात आलेले. मी म्हटलं, पिकलेली एक वेळ चालतील, हिरवी विषारी असतात, आणि मुलांना फरक कळत नाही. मला वाटलं आता हे वाद घालणार. त्यांनी काठी आपटली, टक. "मॅडम म्हणत्यात त्ये खरं. मी खाल्ली म्हंजे पोरांनी खावी असं न्हाई. त्यांनी पुस्तकं वाचल्यात." आणि स्वतः शाळेच्या शिपायाला समजावून आले. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, बघा, मोठेपणासुद्धा यानंच घेतला.

मग आंबगूळ आलं.

आंबगूळ म्हणजे महाबळेश्वरच्या बाजूला होणारं एक आडवंतिडवं पसरणारं झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडावर लालबुंद लांबट फळं, अंगावर पांढरे ठिपके. पानाची मागची बाजू चांदीची. ज्यानं एकदा पान उलटून पाहिलं त्याला जन्मात दुसऱ्या कशाशी गल्लत करता यायची नाही. सातारा शहरात ते असल्याची एकही नोंद नव्हती. मी दोन वर्षं ते शोधत होते, कुणाला न सांगता, एकटी. यवतेश्वराच्या घाटाखाली, ओढ्यांच्या कपारीत. मला एक तरी नोंद हवी होती जी आण्णांच्या आधी माझी असेल. वेडेपणा होता, पण होता.

दिवाळी नुकतीच झालेली. आण्णा माझ्या घरी आले, चप्पल बाहेर काढली आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक पान काढलं. "मॅडम, किल्ल्याखालच्या वढ्याला गावलंय. मी आपलं आंबगूळ म्हणतोय. तुमी बघा."

मी पान उलटं केलं. चांदी, आणि त्यावर तांबूस ठिपके.

त्याच क्षणी मला कळलं. तीस वर्षं मी हे पान वाळलेलं दाखवलं आणि हा माणूस ओलं घेऊन माझ्या दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलेसुद्धा. ओढ्याच्या काठाला, एका पडक्या भिंतीवर ते झुडूप रेललं होतं, भलं मोठं. आण्णा हात मागं बांधून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभे राहावं तसे उभे होते. मी भिंगातून बराच वेळ बघितल्यासारखं केलं.

"फळ नाही, आण्णा. फळाशिवाय मला नक्की सांगता येणार नाही."

सुभेदारांचं भोकर मी नुसत्या पानावर मान्य केलं होतं. आणखी निदान दहा जणांच्या नोंदींना तशाच सह्या दिल्या होत्या. पण आण्णांनी त्याचा उल्लेखही केला नाही. "बरूबर हाय. फळ येऊ द्या." वही काढली आणि मी सांगितलं तसं लिहिलं, 'मॅडमची शंका आहे.' ऋतुजानं यादीत त्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं. प्रश्नचिन्हाच्या झाडाला बिल्ला लागत नाही.

माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकते. फळ धरलं की मी आधी जाणार, फोटो मी काढणार, आणि नोंद माझ्या नावानं करणार. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन आलेही. बारीक हिरवी फळं लागली होती. म्हटलं, अजून तीन-चार आठवडे.

दोन आठवड्यांत ओढ्याची सफाई झाली. त्या माणसांचं काही चुकलं नाही. त्यांच्या हातात यादी होती, यादीत ते झाड नव्हतं. बिल्ल्याचं एक बोरीचं झाड तिथंच होतं, त्याला त्यांनी ओरखडासुद्धा पडू दिला नाही.

आण्णा एक तुटलेली फांदी घेऊन आले. पानं मुडपली होती, त्यामुळं सगळी चांदी वर आली होती. हिरवी फळं सुरकुतली होती. ते बसले नाहीत. दारातच म्हणाले, "मॅडम, आता तरी सांगा. आंबगूळ हाय का ह्ये?"

अजूनही वेळ होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग आधी का नाही म्हणालात? मी फांदी हातातसुद्धा घेतली नाही. "कच्चं आहे, आण्णा. यावरून नक्की नाही सांगता येत."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं बगा. आंबगूळ असतं तर लय जिवाला लागलं असतं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माजा." आणि पुढच्या रविवारी सगळ्या गटासमोर, काठी एकदाच आपटून, त्यांनी सांगितलं, "वढ्याचं आंबगूळ नव्हतं. चूक माजी. म्हातारपणी डोळं दगा देत्यात." मी माझी पाण्याची बाटली उघडून पाणी प्याले.

त्यानंतर ते कमी बोलायला लागले. काही विचारलं तर "मॅडमना इचारा." समोर धडधडीत जांभूळ असलं तरी, "मॅडमना इचारा." दोन वर्षं मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. सगळे मलाच विचारायला लागले, आणि मला ते शिक्षा झाल्यासारखं वाटायला लागलं.

होळीच्या आसपास ते सांगलीला मुलीकडं राहायला गेले. मे महिन्यात त्यांचा फोन आला. कृष्णेकाठी, घाटाच्या वरच्या अंगाला एक झुडूप सापडलं होतं. "तुमी आल्याबिगर लिवत न्हाई मी." मी बसनं गेले. स्टँडवर ते वाट बघत उभे होते, तोच कडक शर्ट, कानावर पेन्सिल. माझं माहेर वाईचं, म्हणून वाटेत म्हणाले, "तुमच्या वाईचंच पानी हितं येतंय, मॅडम." नदीकाठच्या वाटेनं बरंच चाललो. बांधाशी एक झुडूप होतं, काटेरी, गडद हिरवं, आणि काळ्याभोर करवंदांनी लगडलेलं.

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"करवंद वाटतंय मला," आण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "काटं हाईत, चीक पांडरा हाय. पर हितली काळी जिमीन, सपाट. हितं कसं यील? उगं आपली पुन्यांदा चूक नको. तुमी बगा."

करवंद! ज्या माणसानं टोपलीभर करवंदांसाठी अख्खी गाडी थांबवली, तो करवंदासमोर उभा राहून मला विचारत होता की हे करवंद आहे का. वही उघडी, पेन्सिल हातात. मी बांधावर बसले.

"आण्णा, ते आंबगूळच होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. "कंचं?"

"ओढ्याचं. दिवाळीनंतरचं."

आण्णा वहीची पानं मागं उलटत गेले, एका कार्बनच्या निळ्या पानावर थांबले. बोट ठेवून स्वतःचंच अक्षर वाचलं, 'मॅडमची शंका आहे.' "तुमाला कवा कळलं?"

"पान उलटं केलं तेव्हाच."

"मंग?"

"तुमचा हेवा वाटायचा मला," मी म्हटलं. मी इतक्या वर्षांत हे कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. "पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली, चिडले नाहीत. चिडले असते तर मला रडता आलं असतं. त्यांनी हात लांब करून एक करवंद तोडलं, तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं, बी थुंकली.

"करवंदच हाय," ते म्हणाले. आवाज जुना होता, बसमधला. पेन्सिल घेऊन लिहिलं, जागा लिहिली, तारीख टाकली. खाली 'तपासणार' लिहून पुढं रेघ ओढली. मी सवयीनं हात पुढं केला.

आण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. ऋतुजाबाई म्होरल्या म्हैन्यात येनार हाईत हिकडं. त्या बगत्याल."

त्यानंतरही ते माझ्याशी नीटच वागले. करवंदांचा एक द्रोण भरून दिला, "वाटंत खावा." स्टँडवर गर्दी होती, तरी आत शिरून मला खिडकीची जागा धरून दिली. कंडक्टर पोरगेला होता, त्याला सांगितलं, "ह्या आमच्या मॅडम हाईत. नीट न्या." मी म्हटलं, "आण्णा, येते." ते म्हणाले, "या." मग खाली उतरून गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्यांनी दोन थापा मारल्या आणि गाडी हलली, जशी आमची सगळी फेरी हलायची.

मी खिडकीतून मान काढून मागं बघितलं. हात करावा म्हणून हात वर घेतलाही होता. पण आण्णा गाडीकडं बघत नव्हते. गर्दीतून बाजूला होऊन, खांबाला टेकून, वही उघडून ते त्या जुन्या निळ्या पानावर काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते ते मला दिसलं नाही, आणि आता ते पान ते मला दाखवणार नव्हते.